‘हातात कला असेल तर कुठलाही पाना चालतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल शटर ओढल्यावर वाचली. दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली. तेव्हा सविस्तरच लिहितो.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दुचाकीचं नवीन गॅरेज टाकणाऱ्या पोरानं पहिल्याच दिवशी चांगल्या कंपनीच्या पान्यांचा पूर्ण सेट आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) घ्यावा, रोज संध्याकाळी हत्यारं पुसून ठेवावीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. दादांचं म्हणणं, महिना बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या पोरानं हे पैसे आणायचे कुठून? त्यांच्या उस्तादांनी बाजारातल्या साध्या पान्यांवर ३० वर्षं काढली. पुसापुशी म्हणाल तर ती खंडेनवमीला होतेच, रोज करायला हे काय शोरूम आहे? आणि शेवटी टोला : ‘कंपनीनं किती दिले?’

टोल्याचं आधी. एक रुपया नाही. माझ्याकडे जास्त करून टपारियाचे पाने आहेत, कारण ते चिपळुणात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. कारखाना आपल्या नाशिकचा, सातपूरचा, १९६९पासूनचा. जालंधर-लुधियानाकडचेही काही पाने उत्तम असतात, तिकडून तर परदेशात माल जातो. नावाला मी चिकटलेलो नाही, पान्याच्या तोंडाला चिकटलो आहे. ते पुढे सांगतो.

पूर्ण सेटबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. ते वाक्य मी गल्ल्यावर बसून लिहिलं, गाडीखाली बसून नाही. होंडा, हिरो, यामाहा या जपानी घराण्यातल्या गाड्यांचं रोजचं काम ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरच्या पान्यांवर निभतं. ६ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं १०चं, ८च्या बोल्टचं १२चं. सेटमधला २०-२२ माझ्याकडे कित्येक वर्षं नवाकोरा पडून आहे. म्हणून आता बदलून सांगतो : आधी १०, १२ आणि १४चे रिंग पाने, ८ आणि १०चा टी पाना आणि एक चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर. एकेक करून घ्या. बाकी साधं चालेल.

पण ‘कुठलाही पाना चालतो’ हे मला मान्य नाही. माझ्याकडे एक जुना लोकल १०चा पाना आहे. त्याच्या तोंडाला व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर १०.५ मिलिमीटर भरतो. नवा चांगला पाना १०.१. ०.४ मिलिमीटरचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तोंड फाकलं की पाना नटाच्या सपाट बाजू धरत नाही, फक्त कोपरे धरतो. जोर लावला की कोपरा सोलतो आणि पाना सटकून बोटांची सालं निघतात. मग नट आवळून धरणारी व्हाइस ग्रिप पक्कड, मग छिन्नी. पाना स्वस्तात आला खरा, पण नट गिऱ्हाइकाचा गेला.

तीच गत स्टारची. पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवरचं, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं, झाकण आठवा. दोन छोटे स्क्रू, आणि दहातल्या निम्म्या गाड्यांवर त्यांची फुली फुटलेली. जपानी गाडीच्या स्क्रूची फुली साध्या फिलिप्सपेक्षा वेगळी असते. अशा बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, नीट बघा. साधा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर आला की वर चढून बाहेर येतो आणि येताना फुली खरवडून येतो. त्यात आमच्याकडची खारी हवा. ॲल्युमिनियमच्या भोकात स्टीलचा स्क्रू एका पावसाळ्यात जाम होतो. तिथे आधी योग्य टोकाचा ड्रायव्हर ठेवून वरून हातोडीचे दोन हलके टोले द्यायचे, मग खाली दाबत फिरवायचा. टोले कसे द्यायचे ही कला, कबूल. पण ती कला चुकीच्या टोकावर वाया जाते.

आता तुमच्या उस्तादांचं. माझ्या उस्तादांकडेही बाजारी पाने होते, आम्हा पोरांना वापरायला. त्यांचे स्वतःचे चार पाने फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात असायचे आणि त्यांना हात लावला तर कानफटात बसायची. त्यात टॅपेटच्या (इंजिनाच्या व्हॉल्व्हचं अंतर ठरवणाऱ्या) नटासाठी ग्राइंडरवर पातळ केलेला एक होता. घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, ‘निळा पडला की मेला.’ म्हणजे तापून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं की लोखंड मऊ. हे ज्याला कळतं तो ‘कुठलाही’ पाना वापरत नसतो, दादा. तुमच्या उस्तादांचाही असा एखादा डबा असणार.

टॉर्क रेंच नव्या पोराला नको, तेही मागे घेतो. इंजिनाच्या हेडच्या नटांना मी वापरतो, काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, आणि नट खोलायला तो कधीच घेत नाही. पण पोरांना एक हिशेब जरूर शिकवा. ६च्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. वीतभरापेक्षा जरा लहान, १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला तो सात किलोचा ओढा. दोन-तीन बोटांचं काम. पोरगं अख्खा दंड लावतं आणि बोल्टाबरोबर क्रँककेसचे (इंजिनाच्या कवचाचे) आटे घेऊन येतं.

राहिली पुसापुशी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझी पेटी दोन दिवस चिखलात होती. ऊन नव्हतंच. जिथे मिळालं तिथे गोड्या पाण्यानं धुतलं, मग रॉकेल, मग कापड. रॅचेट (एकाच दिशेनं आवळणारा खटक्याचा पाना) उघडून आतली खिट्टी आणि स्प्रिंग पुसून पातळ तेल दिलं. एक रॅचेट आळसानं तसाच ठेवला, गणपतीपर्यंत तो जाम. लोकल सेटचं क्रोम पापडासारखं सुटलं आणि खालून गंज. चांगल्या पान्यांवर डाग आहेत, पण त्यांच्यावरच आज सकाळी एक क्लच उतरवला.

शिवाय पुसणं म्हणजे मोजणं. फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा काढली आहे, संध्याकाळी पाच मिनिटांत रिकामी जागा दिसते. ही सवय लागण्याआधी माझा १२चा पाना एका गिऱ्हाइकाच्या सीटखाली बसून गुहागरला जाऊन आला आहे. त्यानं आणून दिला, हसत. पाना चेनमध्ये पडला असता तर गिऱ्हाईक हसलं नसतं.

मूळ लेखातलं ‘पूर्ण सेट’ आज काढून टाकतो. तुम्ही एवढंच करा : उस्तादांचा १०चा पाना अजून असेल तर तोंडाला व्हर्निअर लावा आणि आकडा इथे टाका. १०.३च्या पुढे निघाला, म्हणजे उस्तादांनी खरंच फाकलेल्या पान्यावर काम काढलं असलं, तर माघार माझी, पुढचा लेख तुम्ही लिहायचा.