कोच व्हा, आणि मन लावून हरा

पोराला कोडिंगला घाला, एमबीए करा, महिन्याला एसआयपी टाका, हे सगळं ठीकच आहे हो, पण खरा पैसा कुठे आहे सांगू का, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या कोचला नोकरीवरून काढतात ना, तिथे. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावायचा तो.)

तर आधी एखादा सीझन बरा जाऊ द्या. एकच पुरे, जास्त कष्ट नकोत. जिम्बो फिशर यांनी टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाच्या टीमचे कोच म्हणून 2020 ला तेवढंच केलं, 9 मॅच जिंकल्या, 1 हरले, की 2021 मध्ये कॉलेजने 2031 पर्यंतचा नवा करार हातात ठेवला आणि तोही फुल गॅरंटीवाला, म्हणजे टीम जिंको नाहीतर बुडो, पैसे ठरलेले. 2022 ला टीम 5 जिंकली, 7 हरली. मग नोव्हेंबर 2023 मध्ये एका शनिवारी मिसिसिपी स्टेटला 51-10 असं धुतलं आणि रविवारी कॉलेजने साहेबांना नारळ दिला. नारळ केवढ्याचा? साधारण 7.6 कोटी डॉलर, आपल्या रुपयांत सहाशे कोटींच्या वर. त्यातले 1.9 कोटी डॉलर 60 दिवसांच्या आत आणि उरलेले 2031 पर्यंत दरवर्षी 70 लाखांच्या वर, पोटगीसारखे. दुसरीकडे नोकरी धरली तरी यातला एक डॉलर कापायचा नाही, हेही ठरलेलं.

हे शेवटचं कलम नीट वाचून घ्या बरं का, कारण सगळ्यांच्या करारात ते नसतं. पेन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाने ऑक्टोबर 2025 मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा हिशोब 4.9 कोटी डॉलरच्या आसपास निघत होता, आणि या भल्या माणसाने काय करावं, महिना-सव्वा महिन्यात व्हर्जिनिया टेकची नोकरी घेतली! पेन स्टेटचं देणं आलं 90 लाखांवर. कष्टाळू माणसाचं हे असं होतं. एवढी काय घाई होती, पाय पसरून टीव्ही बघायचा, सोफा काय पळून जाणार होता का.

त्याच ऑक्टोबरमध्ये लुईझियानात एलएसयूने (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कोच ब्रायन केली यांना काढलं, घरच्या मैदानावर 49-25 ने हरल्यावर. कुणाकडून हरले? टेक्सस ए अँड एमकडून, म्हणजे फिशरना घरी बसवून पगार देणारे तेच. केलींचा आकडा 5.4 कोटींच्या घरात. आता एवढे द्यायचे म्हटल्यावर कॉलेजच्या वकिलांना साक्षात्कार झाला की अरे, आम्ही यांना रीतसर काढलेलंच नाहीये! नवा कोच शोधणं जोरात चालू, जुन्याच्या जागी हंगामी कोचही बसवून झालेला, पण काढलं मात्र नाही. केली कोर्टात गेले, मग थोड्याच दिवसांत कॉलेजला आठवलं की हो, काढलंय, विनाकारण (म्हणजे करार मोडण्याजोगी त्यांची चूक नसताना) काढलंय, पूर्ण पैसे देतो. म्हणून सांगतो, कोच होताना वकील आधी बघा, टीम नंतर.

कोच होणं जमत नसेल तर कोचच्या करारावर सही करणारे, कॉलेजच्या खेळखात्याचे साहेब व्हा. स्कॉट वुडवर्ड नावाचे गृहस्थ 2017 ला ए अँड एममध्ये होते, तिथे त्यांनी फिशरना आणलं, मग एलएसयूला आले, तिथे केलींना आणलं. लुईझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री इतके तापले की पत्रकारांसमोर म्हणाले पुढचा कोच या माणसाला निवडू देण्यापेक्षा मी डोनाल्ड ट्रम्पना निवडू देईन. दुसऱ्या दिवशी वुडवर्डही गेले. जाताना त्यांनाही काही लाख... बरं, 60 लाखांच्या वर डॉलर मिळायचे होते. या धंद्यात कुणी रिकाम्या हाताने जात नाही, फक्त खेळणारे सोडून.

चुकूनही खेळाडू होऊ नका. 2021 पर्यंत तर खेळाडूने एजंटकडून जेवणखाण घेतलं तरी धर्म बुडायचा. यूएससी या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या रेजी बुशने 2005 ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची) जिंकली, घरच्यांनी पैसे घेतले म्हणून 2010 ला ती गेली, 2024 ला परत मिळाली, मधल्या काळात नियमच बदलले होते ना. आता जाहिराती करता येतात, आणि 2025-26 पासून कॉलेज थेट पैसेही देऊ शकतं, पण सगळ्या खेळांतल्या सगळ्या पोरापोरींना मिळून त्या पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 2.05 कोटी डॉलर. एकट्या केलींना घरी बसायला जेवढे, त्याच्या निम्मेही नाहीत. वर 600 डॉलर किंवा जास्तीची बाहेरची जाहिरात मिळाली की ती डिलॉइट या हिशोब तपासणाऱ्या कंपनीने चालवलेल्या पोर्टलवर टाकायची, तिथे बघतात की भाव वाजवी आहे का! फिशरचा करार कुणी वाजवी आहे का म्हणून बघितला असेल तर मला जरूर कळवा.

प्रेक्षक तर अजिबात होऊ नका. टेनेसी विद्यापीठाने 2025 च्या तिकिटांवर 10 टक्के टॅलेंट फी लावली, म्हणजे पोरांना द्यायचे पैसे तुमच्याकडून. आपल्याकडून एमएसला गेलेली मुलं छोट्या कॉलेजात असतील तर फीच्या पावतीवर ऍथलेटिक्सची ओळ बघा, एकही मॅच न बघता आपण खेळाला हातभार लावतोय हे कळून ऊर भरून येईल. आणि तेलाच्या विहिरी वगैरे असतील तर थेट देणगीदारच व्हा. डॅलसच्या एसएमयू या विद्यापीठाने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची लीग) घुसायला 9 वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं, आणि धनिकांनी आठवड्याभरात 10 कोटी डॉलर गोळा करून दिले. त्याच अटलांटिक कॉन्फरन्समध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलेही आहेत, पॅसिफिकच्या काठावरचे. टीव्हीवाल्यांचा पैसा आला की समुद्रही सरकतो.

बरं, एलएसयूने एवढं सगळं झाल्यावर काय धडा घेतला म्हणता? कोच म्हणून लेन किफिनना आणलं, 7 वर्षं, वर्षाला साधारण 1.3 कोटी डॉलर. त्यांची ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) टीम 11 जिंकून 1 हरून प्लेऑफच्या दारात उभी होती, ती तिथेच सोडून आले (एकोणीस वर्षांचं पोरगं पैशासाठी कॉलेज बदलतं तेव्हा त्याला निष्ठा नाही म्हणतात, कोच बदलतो तेव्हा ती करिअरची पुढची पायरी असते). आणि करार असा की ओल मिस प्लेऑफमध्ये जसजशी जिंकेल तसा किफिनना बोनस, आणि तो द्यायचा एलएसयूने. ओल मिस पार सेमीफायनलपर्यंत गेली. तेव्हा तुम्ही एलएसयूवाले असाल तर अशा मॅचला नक्की कुणाच्या बाजूने ओरडायचं ते आधी कोचच्या एजंटला फोन करून विचारून घ्या.