दिलीपचा पाय आणि बापूची सेफ्टी पिन

काल कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. दिलीपचा पाय गेला, गुडघ्याखालून. सुरुवात काय तर नव्या बुटानं आलेला एक फोड, दुखत नव्हता म्हणून त्यानं आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही.

बापूचं ठरलेलं, "नशीब रे. शुगरवाल्याची जखम भरतच नसते, हळद दाबायची आणि गप बसायचं."

शिंदेमामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. तीस वर्षं जखमांना पट्ट्या बांधणारे ड्रेसर होते ते. "नशीब कसलं? शुगरचा डॉक्टर म्हणाला सर्जनला दाखवा, सर्जन म्हणाला आधी शुगर उतरवा, आणि पायात रक्त पोचतंय का हे बघायला डॉपलर कुणी सांगायचं, यात वीस दिवस गेले. डॉक्टर तिघं होते, पण तिघांनी मिळून एकदाही तो पाय बघितला नाही."

मला हे फार लागलं, कारण त्यातले सहा दिवस दिलीपला गाडीवर बसवून मीच फिरत होतो, दर ठिकाणी तीच फाईल, तीच पट्टी सोडा, परत बांधा.

"म्हणजे तिघांची फी एकदम! धंदा आहे सगळा. एकच चांगला डॉक्टर पुरतो," बापू.

"२०१४ च्या गणपतीत तूपण एकटाच पुरणार होतास. मांडव कुणाच्या डोक्यावर आला?" मामांनी ऐकवलं.

झालं, मग दहा मिनिटं मांडव, वर्गणीचा हिशोब आणि मंदारचा फुटलेला मोबाइल. शेवटी मंदारनंच गाडी रुळावर आणली, की लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात १९८१ ला डॉ. मायकेल एडमंड्सनी फिजिशियन, सर्जन, नर्स, पायांचा तज्ज्ञ आणि बूट बनवणारा असे सगळे एकाच क्लिनिकमध्ये बसवले आणि तीन वर्षांत मोठी अँप्युटेशन्स, म्हणजे पाय कापायची ऑपरेशन्स, निम्म्यावर आली.

"बूटवाला!" बापू खिदळला.

"हसू नको," मामा म्हणाले. "जखमेवर रोज भार देत चाललास तर कितीही भारी अँटिबायोटिक घे, भरणार नाही. आपल्याकडं वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या पायाला प्लास्टर घालून जखमा भरवायचे, भार निघाला पाहिजे म्हणून. त्या रोग्यांचंही शुगरवाल्यांसारखंच, दुखणं कळतच नाही. आण तुझा पाय इकडं. डोळे मीट, हात लागला की सांग."

दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, सहा ठिकाणी मामांनी नुसतं बोट टेकवलं. बापू चार वेळा गप्पच.

"लावा की आता," म्हणतोय!

मग मामांनी चप्पल उचलली. अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावून चालवलेला, पिनेचं टोक आत वळलेलं. बोटांच्या बेचक्यात टोचून काळं पडलेलं. कुणी काही बोललंच नाही.

"आज सकाळीच लावली ती," बापू पुटपुटला. मंदारनं वहिनींना फोन लावून स्पीकरवर टाकला. "पिन? दिवाळीपासून आहे!"

सगळे हसून हसून आडवे. पण शकीलभाईनं रिक्षा तिथंच आणली, बापूला एक पाऊल जमिनीवर टेकू दिलं नाही, आणि मामांनी रिक्षात बसता बसताच ओळखीच्या फूट क्लिनिकला फोन करून सकाळची साडेनऊची वेळ घेतली.

रिक्षा वळली तरी आवाज येतच होता, "मांडव वाऱ्यानं पडला होता, वाऱ्यानं!"