म्हणीचं शेपूट

पांढऱ्या सुती कुर्त्याच्या खिशावर इस्त्रीचं नाक उमटलंय. तपकिरी, टोकदार, शिलाईला बरोबर चिकटून. लॉन्ड्रीवाल्याचं म्हणणं, कापडच तसलं होतं. भरपाईचं नाव नाही. इथपर्यंत ठीक आहे, कपडे बाहेर टाकले की हे आलंच. माझा राग लॉन्ड्रीवाल्यावर नाहीच. राग आहे तो माझ्या मागे काखेत ब्लँकेट धरून उभ्या असलेल्या गृहस्थांवर. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

भांडण वाढू नये म्हणून मी हसत म्हणालो होतो, "अहो, कस्टमर इज ऑलवेज राइट म्हणतात ना?" तर मागून आवाज आला, "अर्धीच म्हण सांगताय तुम्ही."

मी वळलो. गृहस्थांनी ब्लँकेट डाव्या काखेतून उजव्या काखेत घेतलं.

"पूर्ण म्हण अशी आहे. द कस्टमर इज ऑलवेज राइट इन मॅटर्स ऑफ टेस्ट. आवडीनिवडीपुरतं गिऱ्हाइकाचं खरं. तुम्हाला पांढरा कुर्ता आवडतो, मान्य. पण तो जळला, हा काही टेस्टचा विषय नाही."

"जळलाय की! हा बघा."

"जळलाय ना? मग ती झाली फॅक्ट. फॅक्टच्या बाबतीत कस्टमर राइट असलाच पाहिजे, असं म्हणीत कुठे आहे?"

लॉन्ड्रीवाल्याने पावतीबुक मिटलं. "बघा, साहेब शिकलेले आहेत," असं म्हणून त्याने आतून स्टूल आणलं आणि त्यांना बसायला दिलं. मी उभाच.

स्टूल मिळाल्यावर माणूस खुलतो. "लोकांनी सोयीसोयीने म्हणी कापल्यात हो. ब्लड इज थिकर दॅन वॉटर घ्या. मूळ काय आहे? ब्लड ऑफ द कव्हनन्ट इज थिकर दॅन द वॉटर ऑफ द वूम. कव्हनन्ट म्हणजे करार, वूम म्हणजे आईचं पोट. म्हणजे भावापेक्षा मित्र जवळचा. अगदी उलट! जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन, म्हणजे सगळं थोडंथोडं येतं पण तरबेज कशातच नाही, इथे लोक थांबतात. पुढे आहे, बट ऑफन्टाइम्स बेटर दॅन अ मास्टर ऑफ वन. एकातच तरबेज असण्यापेक्षा बरा!"

साडीला फॉल लावायला आलेल्या एक बाई पुढे सरकल्या. "मग ते क्युरिऑसिटी किल्ड द कॅट? नको त्या कुतूहलाने मांजर मेलं ते?"

"सॅटिस्फॅक्शन ब्रॉट इट बॅक! समाधान झालं आणि ते परत जिवंत झालं!" गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. ब्लँकेटमधून धूळ उडाली. सगळे खूश. जळका कुर्ता हातात धरून मी एकटाच त्या आनंदात सामील नव्हतो.

आता जे तिथे कोणी ऐकून घेतलं नाही, ते इथे सांगतो.

ही शेपटं बहुतेक सगळी मागाहून लावलेली आहेत. 'कस्टमर'चंच बघा. १९०५च्या सुमारास अमेरिकी वर्तमानपत्रांत हे वाक्य शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानदाराच्या संदर्भात येतं. त्याच्याकडेच तयार झालेल्या हॅरी गॉर्डन सेल्फ्रिजने १९०९मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान उघडलं, त्याच्याही नावावर ते खपतं. त्या काळच्या छापील मजकुरात 'मॅटर्स ऑफ टेस्ट'चा पत्ता नाही. असेल कसा? वाक्याचा रोख आवडीनिवडीवर नव्हताच, तक्रारीवर होता. गिऱ्हाईक माल परत घेऊन आलं तर काउंटरवर हुज्जत घालू नका, बदलून द्या, दोनचार लबाड फायदा घेतील पण बाकीचे परत येतील, असा त्यामागचा सरळ हिशेब. म्हणजे ही म्हण जन्मली तीच जळक्या कुर्त्यासाठी. आणि तीच माझ्यावर उलटवली गेली.

'ब्लड'चं तेच. १८१५मध्ये वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीत ही म्हण आहे, आणि तिथे रक्त म्हणजे नातंच. कव्हनन्ट आणि वूमवालं भारदस्त वाक्य १९९०च्या दशकाआधी सापडत नाही. जॅकला तर आधी 'मास्टर ऑफ नन'सुद्धा नव्हतं, तो नुसता हरहुन्नरी होता. १५९२मध्ये नाटककार रॉबर्ट ग्रीनने शेक्सपिअरला टोमणा मारला तो 'योहानेस फॅक्टोटम' असा, म्हणजे हाच जॅक, लॅटिन अंगरख्यात. 'मास्टर ऑफ नन' नंतर चिकटलं आणि 'बेटर दॅन अ मास्टर ऑफ वन' तर परवापरवाचं. नोकरीच्या अर्जात ते शेपूट लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की समोरच्याला म्हणीचं वय माहीत असेल, तर अर्ज तिथेच संपतो.

खोटं शेपूट ओळखणं कठीण नाही. पहिली खूण, शेपटामुळे म्हणीचा अर्थ बरोब्बर उलटा होतो. दुसरी, सांगणारा 'मूळ' आणि 'पूर्ण' हे शब्द सोडत नाही. तिसरी आणि पक्की, त्याला साल विचारा. म्हणींच्या चांगल्या इंग्रजी कोशांत प्रत्येक म्हणीखाली छापील वापर सालवार दिलेले असतात. म्हणीच्या पहिल्या अर्ध्याला जुनं साल आणि शेपटाला नवं साल, असं दिसलं की समजायचं, शेपूट शिवलेलं आहे.

मी साल विचारलं. ते म्हणाले, "अहो, पुरातन आहे."

मग पावसाचा विषय निघाला. निघाला म्हणजे त्यांनीच काढला. मुसळधार पावसाला रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज का म्हणतात? तर म्हणे इंग्लंडात पूर्वी गवताची छपरं असत, त्यावर कुत्री-मांजरं झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. ही कथा १९९९मध्ये 'पंधराशेच्या काळातलं जीवन' म्हणून ईमेलवरून जगभर फिरली, अजून फिरतेय. कोकणात गवती छपराखाली पावसाळा काढलेल्या कोणालाही विचारा. चांगलं शाकारलेलं छप्पर उताराचं आणि घट्ट असतं, पाणी वरच्यावर निथळून जातं. आणि पाऊस लागल्यावर छपरावर बसून राहील असं मांजर अजून जन्माला यायचंय, ते चुलीच्या उबेला येणार. जोनाथन स्विफ्टने १७१०मध्ये लंडनच्या सरीवर कविता लिहिली. तिच्यात गटारं तुंबून मेलेली मांजरं आणि बुडालेली पिल्लं वाहत येतात. पण वाक्प्रचाराचा उगम तोच, असंही छातीठोक सांगता येत नाही. उगम सांगता येत नसेल तर गप्प बसावं, हा पर्याय स्टुलावरच्या माणसाला सुचत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. मी पावती उलटी केली. मागे बारीक अक्षरात छापलंय, 'जरीकाम, बटणे व चेन यांस आम्ही जबाबदार नाही.' मी म्हणालो, कुर्त्याला जर नाही, चेन नाही, बटणं शाबूत आहेत. मग उरलेल्या कापडाला जबाबदार कोण? गृहस्थ म्हणाले, "एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल!" आणि बोट माझ्याकडे केलं. म्हणजे नियम असा की इथे कपडे जळत नाहीत, माझा जळला तो अपवाद, आणि अपवादाने नियम सिद्ध झाला.

या न्यायाने जगातला कुठलाही नियम कधीच खोटा ठरणार नाही. दहा कुर्ते जाळा, नियम दसपट सिद्ध!

ही म्हण कायद्याची आहे आणि ती माझ्या बाजूची आहे. पाटीवर 'रविवारी बंद' लिहिलंय, म्हणजे उरलेले सहा दिवस दुकान उघडं, हे न लिहिताही कळतं. अपवाद नोंदवला, की न नोंदवलेल्या बाबतींत नियम लागू. इ.स.पू. ५६मध्ये सिसेरो या रोमन वकिलाने बाल्बस नावाच्या अशिलाचं रोमन नागरिकत्व वाचवताना हेच मांडलं. काही तहांत 'यांच्यापैकी कोणाला रोमचा नागरिक करू नये' असं कलम होतं, मग ज्या तहात ते नाही तिथे नागरिक करायला मुभा आहे. जरीला जबाबदार नाही असं छापता, म्हणजे बिनजरीच्या कुर्त्याला आहात. रोममध्ये मला कुर्ता मिळाला असता.

बरं, एवढीच हौस आहे तर आपल्या हक्काचं काहीतरी सांगा ना. इंग्रज आजही डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणतो. ती आपली नाशिकजवळची देवळाली. तिथे गोऱ्या पलटणींची छावणी होती. मुदत संपलेले सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे राहत. जहाजं ठरावीक मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन्‌महिने काम नाही, ऊन, दारू, हिवताप. त्यातून जो भ्रमिष्टपणा यायचा तो 'डूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप. हा शब्द गमतीतच वापरायचा, खऱ्या रुग्णाबद्दल वापरला तर तो उद्धटपणा होतो. देवळालीचं तिकीट काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? पण वूम आणि कव्हनन्ट तोंडपाठ.

आणि जिथे शेपूट खरोखर कापलेलं आहे, तिथे मात्र कोणाला ते आठवत नाही. कुठल्याही खात्यात, कंपनीत लफडं बाहेर आलं की प्रवक्ता सांगतो, "जस्ट अ फ्यू बॅड ॲपल्स." दोनचारच नासके, बाकी पेटी उत्तम. मूळ म्हण सांगते ते नेमकं उलट. नासकं सफरचंद शेजारच्याला नासवतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६च्या पंचांगात ते छापलंय आणि कल्पना त्याच्याही कितीतरी आधीची. त्यामागे शास्त्र आहे. पिकतं-सडतं फळ इथिलीन वायू सोडतं, त्याने बाजूची फळं भराभर पिकतात, आणि बुरशी एकातून दुसऱ्यात शिरते ती वेगळीच. आपल्याकडे एक नासका आंबा अढी नासवतो, म्हणून तर अढीतले आंबे वरचेवर चाळून डागी फळ बाहेर काढतात. प्रवक्त्याला कोणी विचारत नाही, "साहेब, पूर्ण म्हण काय आहे?"

या सगळ्यावर कोशवाल्यांकडे तरी दाद मागावी, तर तीही सोय नाही. कोश वापर नोंदवतो, न्याय देत नाही. मांजराचं बघा. १५९८च्या बेन जॉन्सनच्या नाटकात मांजर मरतं ते 'केअर'ने, म्हणजे काळजीने. क्युरिऑसिटी फार नंतर आली आणि 'सॅटिस्फॅक्शन' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ते शेपूट आता शंभरी गाठून बसलंय, त्याला खोटं म्हणायची सोय राहिलेली नाही. 'मॅटर्स ऑफ टेस्ट' सध्या कपांवर आणि टी-शर्टांवर छापून येतंय. अजून थोडी वर्षं गेली की कोशातही बसेल, सालासकट. मग लॉन्ड्रीवाले ते पावतीच्या मागेच छापतील, जरीच्या ओळीखाली.