कांदा नको म्हणालो, एवढंच

परवा भाच्याच्या मुंजीत माझ्या आतड्यांचा जाहीर पंचनामा झाला. निमित्त काय, तर छोले. (आमच्या लहानपणी मुंजीच्या पानात अळूचं फदफदं असायचं, कांदा फिरकायचाही नाही. असो.) वाढपी वाकला, मी हात आडवा धरला. "नको, कांदा-लसूण चालत नाही."

शेजारचे काका, बहुधा ताईच्या सासरचे, जिलबी हातात तशीच धरून वळले.

"चातुर्मास?"

"मे महिन्यात कुठला चातुर्मास, काका?"

"मग माळ घातली?"

"नाही हो. पोटाचं आहे जरा."

"हां!" चेहरा उजळला. "साफ होत नाही."

"होतं. जरा जास्तच होतं."

"म्हणजे साफ होत नाही. वरचं वरचं वाहून जातं, जुना मळ आत तसाच. एरंडेल घ्या. दोन चमचे, रात्री, कोमट दुधातून."

घराबाहेर पडण्याआधी ज्याला तीनदा जावं लागतं, त्याला एरंडेल! तेही दुधातून! मी समजावायला गेलो, ही माझी चूक. म्हटलं, आयबीएस आहे. (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडक्या आतड्याचं दुखणं.)

"आयपीएस? कोण, मुलगा?"

मग मी इरेला पेटलो. सांगितलं की कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान नावाची शर्करा असते. लहान आतड्याला ती पचवता येत नाही. कुणाच्याच नाही, तुमच्याही नाही. ती खाली मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस धरतो. तुमचं आतडं ते निमूट सोसतं, माझं बोभाटा करतं. छोल्यांत तिच्याच भावकीतली दुसरी. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी 2005 मध्ये या सगळ्या भावकीला फॉडमॅप असं नाव दिलं. 2 ते 6 आठवडे सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. माझा चौथा आठवडा.

काकांनी जिलबी संपवली. "ऑस्ट्रेलियात कांदा मिळतो?"

यातली एकच गोष्ट मला सुखाची वाटते. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतायची आणि पाकळी न् पाकळी वेचून फेकून द्यायची. फोडणीला वास तेवढा उरतो. रोज रात्री मी चिमटा घेऊन कढईवर वाकलेला असतो. मुलगी म्हणते, बाबा, बॉम्ब निकामी करतोयस का? हिंगाचा आधार होता, तर डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ निघालं.

आणि खरं सांगू? कोलोनोस्कोपी नॉर्मल आली त्या दिवशी घरातली सहानुभूती संपली. पोटात खडा असता तर लोक शहाळी घेऊन आले असते. रिपोर्टात काही नाही म्हणजे ही थेरं. डोंबिवली ते सीएसएमटीपर्यंत कुठल्या स्टेशनावर संडास कुठे आहे आणि त्याला आतून कडी आहे का, हे मला पाठ आहे. ही थेरं?

काकांनी तोवर पंगतीत खबर पोचवली होती. समोरच्या आजींनी त्रिफळा सुचवला, पलीकडून कुणीतरी गरम पाण्यात तूप. मी साधा भात, त्यावर लिंबू, असा उठलो.

हात धुताना मागून कुणीतरी सदरा ओढला. घेरा ठेवलेलं डोकं, गळ्यात नवं जानवं, हातात दंड. उत्सवमूर्ती.

"मामा," तो पूर्ण आवाजात म्हणाला, "तुला होत नाही?"