बोअर मारून पेट्रोल स्वस्त होत नसतं, लेका

आमच्या घरच्या ग्रुपवर दर तीन-चार महिन्यांनी पेट्रोलवरून भांडण लागतं, यावेळी काडी लावली पुतण्यानं. त्याचं म्हणणं, अंदमानात गॅस लागलाय, आता तेल पण लागणार, इतकी वर्षं कुणी बोअरच मारले नाहीत म्हणून आपण परभणीत शंभराच्या वर पेट्रोल टाकायलोत, अमेरिकेनं बघा स्वतःच्या जमिनीत ड्रिल करून पेट्रोल कसं पाण्याच्या भावात आणलं. दाजी म्हणाले, सगळा खेळ टॅक्सचा. मग टॅक्स केंद्राचा का राज्याचा यावर दोन पार्ट्या पडल्या, आधीच्या सरकारचे उधारीचे ऑइल बाँड निघाले, 2014 चं सत्तांतर निघालं आणि शेवटी नेहमीसारखी गाडी माझ्यावर आली. "काकाला काय, काका तेलाच्या विहिरीवर बसलाय."

बसलोय खरा. ह्यूस्टनला अकरा वर्षं झाली, काम तेलविहिरींचा डेटा बघायचं. म्हणून तर डोकं फिरतं.

2025 च्या दिवाळीत लाडू-चिवड्याच्या सामानाला निघालो तेव्हा टाकी भरली, गॅलनला 2.65 डॉलर, म्हणजे लिटरला साठ-बासष्ट रुपये. हा आकडा मी ग्रुपवर टाकायला नको होता. पण त्यात ड्रिलिंगची करामत किती आणि टॅक्स किती ते बघा की. इथं फेडरल टॅक्स गॅलनला 18.4 सेंट, टेक्ससचा 20. दोन्ही मिळून लिटरला नऊ रुपयांच्या आसपास. फेडरल टॅक्स 1993 पासून तेवढाच आहे, किल्लारीचा भूकंप झाला ते वर्ष! आपल्याकडं केंद्राची एक्साइज 2014 ला पेट्रोलवर लिटरला 9.48 रुपये होती, मे 2020 मध्ये 32.98 झाली, पुढं कमी केली तरी मूळ आकड्यावर काही आली नाही. वर राज्याचा व्हॅट. 2015 ला तर दुष्काळासाठी म्हणून लिटरमागं दोन रुपये लावले होते, म्हणजे दुष्काळ पण आमचा आणि त्याचा कर पण आमच्याच लुनाच्या टाकीतून. परभणीला टँकर मनमाडकडून यायचा, त्याचं भाडं वेगळं, म्हणून महाराष्ट्रातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून आमचं गाव टीव्हीवर. 2018 ला नव्वद ओलांडले, 2021 ला शंभर. दुसऱ्या कशासाठी परभणी बातम्यांत आलेली आठवत नाही मला.

म्हणजे दाजी बरोबर? अर्धे. कारण जून 2022 मध्ये याच अमेरिकेत, जगात सगळ्यात जास्त तेल काढणाऱ्या देशात, सरासरी भाव पाच डॉलरच्या वर गेला होता, पंपापंपावर महागाईचं खापर तेव्हाच्या अध्यक्षावर, बायडनवर फोडणारे स्टिकर चिकटवलेले. टॅक्स तोच, विहिरी त्याच. क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव जगाच्या मोंढ्यात ठरतो, तुमच्या वावरातलं सोयाबीन तुमच्याच गावाला स्वस्त मिळतं का? तसंच. आणि बॅरल साठ-पासष्ट डॉलरच्या खाली गेलं की इथली नवीन विहीर परवडत नाही, विहिरी खोदायच्या रिग नुसत्या उभ्या राहतात, बिनकामाच्या. ट्रम्पचं "ड्रिल बेबी ड्रिल" सभेत ओरडायला बरं. आपण बोअर मारले नाहीत हे पण खोटं आहे, सागर सम्राट या ड्रिलिंगच्या जहाजानं 1974 ला मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल शोधलं, त्यावर देशानं किती वर्षं काढली, पण भूक वाढत गेली आणि आज 85 टक्क्यांच्या वर क्रूड बाहेरून येतं. अंदमानात लागलं तर आनंदच आहे, पण त्यानं परभणीचा भाव चाळीस होणार म्हणणं म्हणजे कहरच.

आणि बोअरचं आम्हाला कुणी सांगावं? मराठवाड्याला? किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी बोअर मारून बघितला, 338 मीटर नुसता काळा दगड. आमच्या वावरात तीन मारलेत. तिसऱ्याच्या वेळी मी बारावीला होतो. तामिळनाडू पासिंगची गाडी रात्री अकराला आली, पाणाड्यानं नारळ तळहातावर आडवा धरून जागा दाखवलेली, अण्णा उदबत्ती लावून बाजूला उभे. कॉम्प्रेसरच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. दर दहा फुटाला अण्णा वाकून फुफाटा चिमटीत घ्यायचे, बोटांनी चोळायचे, कोरडा. साडेतीनशेला गाडीवाला म्हणाला थांबायचं का, फुटाचा भाव डिझेलमुळं वाढलेला, आई पदर तोंडाला लावून बसलेली. 420 ला चिखल आला. दीड इंची पाणी! आम्ही पोरं त्या गारव्यात नाचलो. एक वर्ष दणक्यात चाललं, मग शेजाऱ्यानं आमच्यापेक्षा खोल मारला आणि आमचा मार्चलाच आटायला लागला.

इथं शेल विहिरींचे, म्हणजे पाण्याच्या दाबानं खडक फोडून (त्यालाच फ्रॅक म्हणतात) तेल काढायच्या विहिरींचे ग्राफ बघतो तेव्हा हेच दिसतं. पहिल्या वर्षातच उत्पादन निम्म्याच्या खाली, शेजारी नवीन विहीर फ्रॅक केली की जुनीला फटका. माझ्या मॅनेजरला कळायला दोन मीटिंगा लागल्या, मला बारावीतच माहीत होतं.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर कधी लिहिली नाही. 20 एप्रिल 2020 ला इथं क्रूड उणे 37 डॉलरला गेलं, म्हणजे विकणाराच वर पैसे द्यायला लागला, आणि पुढच्या महिन्यात माझी नोकरी गेली, नोकरी गेल्यावर एच-वनबी व्हिसावर इथं राहायला मिळणारे साठ दिवस मोजत होतो. त्याच महिन्यात तिकडं एक्साइज वाढल्याची बातमी आली, दाजी शिव्या घालत होते, मी वाचलं पण नाही. तेव्हापासून सकाळी उठलो की आधी क्रूडचा भाव बघतो आणि तो वर असला की बरं वाटतं. वर म्हणजे माझा बोनस. वर म्हणजे अण्णांच्या ट्रॅक्टरचं डिझेल महाग. हे दोन्ही मला एकाच वेळी माहीत असतं, तरी बरंच वाटतं. मग टॅक्सचं गणित टाकून मी शहाणा होतो, आणि पुतण्या म्हणतो, काका तुम्ही आता तिकडचे झालात.

त्याला मोठं उत्तर टाइप केलं होतं, आकड्यांसकट. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. शेजारच्या वावरात गाडी आलीय म्हणे, उद्या मोकळी आहे, आपल्याकडं पण एक मारून घ्यावा का.

"किती फूट धरायलात?" मी विचारलं.

"सहाशे."

"आठशे धरा," म्हणालो, आणि पैसे पाठवायला ॲप उघडलं.