‘आधी पायावर उभे राहा, समाजाचं मग बघा’ या सल्ल्याबद्दल

एक मजकूर सध्या जोरात पुढे पाठवला जातोय. ‘कॉलेज शिकण्यासाठी असतं. समाजसेवेच्या नावाखाली मुलांचा वेळ घालवू नका. नुसता देखावा असतो आणि त्यातून राजकारण शिरतं. आधी स्वतःच्या पायावर उभे राहा, समाजाचं मग बघा.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

आधी वेळेचं बघू. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, तर दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. वर्षाला 120 तास म्हणजे दिवसाला जेमतेम 20 मिनिटं. एवढा वेळ असले मजकूर वाचण्यातही जातो. मेक्सिकोत पदवी हवी असेल तर किमान 480 तासांची समाजसेवा करावीच लागते. तिथले वैद्यकीय विद्यार्थी 1936 पासून खेड्यांत जातात, आणि तिथे रोगी तपासणं हा शिक्षणाचाच भाग मानला जातो.

देखाव्याचा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. हातात झाडू, मागे बॅनर, फोटो, हजेरीपत्रकावर सही, आणि अर्ध्या तासात सगळे कँटीनमध्ये! हे सर्रास चालतं. पण म्हणून काम बंद करायचं की नीट करायचं? नाला एकदा साफ केला, ठीक. तो दर पावसाळ्यात का तुंबतो, हे कोण शोधणार? स्थापत्यची मुलं उतार मोजू शकतात, रसायनशास्त्राची मुलं पाण्याचे नमुने तपासू शकतात, वाणिज्यची मुलं पालिकेच्या अंदाजपत्रकात नालेसफाईची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च ताडून बघू शकतात. मग तो अहवाल प्राध्यापकांच्या कपाटात न जाता आधी नाल्याकाठच्या लोकांसमोर, त्यांना कळेल अशा भाषेत वाचला जावा. चुका तेच काढतील. माझ्या मते खरी परीक्षा ती.

राजकारण? भारतात 1989 पासून अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क आहे, म्हणजे बहुतेक मुलं पदवीच्या वर्गात असतानाच मतदार होतात. कॉलेजनं कुठल्या पक्षाचा झेंडा लावू नये, हे मान्य. पण प्रभागाचा निधी कुठे मुरला हे विचारायला पक्षाचा बिल्ला कशाला लागतो?

राहिलं ते ‘मग’. 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानं अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स बुडवलं. तिथलं तुलेन विद्यापीठ अख्खं एक सत्र बंद होतं. 2006 मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि त्याच वर्षी पदवीसाठी लोकसेवेची अट घातली गेली. ‘आधी आमचं सावरू द्या’ म्हणायला त्यांच्याकडे तर पुरेसं कारण होतं.