मीठ कुठं जाणार?

जानेवारीत गावी गेले होते तेव्हा धाकट्या भावाच्या द्राक्षबागेत ड्रिपरखालची माती मी नखानं खरवडली. ओल्या काळ्या गोलाच्या बाहेरच्या काठावर पांढरी, भुरकट साय धरली होती. जिभेला लावून बघितली. आधी खारट लागली, मग कडसर. वेलीची खालची पानं मधोमध हिरवीगार आणि कडेला विस्तवाला लागल्यासारखी करपलेली. भाऊ म्हणाला, "आक्का, औषधाचा डोस जास्त झाला म्हणतात सगळी." मी ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराहून नेलेला, पाण्याचा खारटपणा मोजणारा पेनाएवढा ईसी मीटर काढला, बोअरचं पाणी तांब्यात धरलं आणि मीटर त्यात बुडवला. आकडा 2.1 वर थांबला.

तो आकडा भावाला समजावा म्हणून पायरीवर बसून आम्ही पोत्यांचा हिशेब केला. 2.1 ईसीच्या पाण्यात हजार लिटरमागे साधारण 1,300 ग्रॅम क्षार असतात. सगळंच काही जेवणातलं मीठ नव्हे, पण मुळाला त्याचा त्रास होतोच. एकराला वर्षाकाठी 20 लाख लिटर पाणी धरलं, तर ड्रिपच्या नळीतून 2,600 किलो क्षार शेतात येतात. पन्नास किलोची पन्नासहून जास्त पोती. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खताचं एक पोतं उतरवायचं झालं तरी मी मोजून घेतो. हे कुणी मोजलंच नाही."

आमचं गाव कर्नाटकातल्या अथणी तालुक्याच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रातल्या जतच्या हद्दीला लागून आहे. घरात मराठी, बाजारात कानडी. माळाची मुरमाड जमीन, ओढ्याकडेला काळी. खाली कृष्णाकाठी ऊस आणि वर आमच्याकडे द्राक्ष, बेदाणा, थोडं डाळिंब. बोअर जितकं खोल गेलं तितकं पाणी मचूळ होत गेलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर अंगणात जो वाद रंगला तो या भागातल्या कुठल्याही घरात होतो. तात्या म्हणत होते, बाग मोडा, या पाण्यावर फळझाड जगत नाही. भाऊ म्हणत होता, अजून दोन वर्षं दम धरू, बसवेश्वर उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी आलं की सगळं ताळ्यावर येईल. शेजारचा एकजण ड्रॅगन फ्रूट लावा म्हणत होता. तिघंही मनापासून बोलत होते. पण आलेलं मीठ जातं कुठं, हा प्रश्न त्या अंगणात कुणीच काढला नाही. खरं सांगायचं तर आपल्या सगळ्या सीमाभागात तो कुणी काढत नाही. मला लिहावंसं वाटलं ते एवढ्याचसाठी.

मी धारवाडला शेतीची पदवी घेतली आणि गेली अकरा वर्षं ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराच्या आसपासच्या द्राक्षबागांत पाण्याचं काम करते. हे गाव मरे नदीच्या काठी आहे. पाऊस वर्षाला जेमतेम 290 मिलिमीटर, आमच्या अथणीपेक्षा कितीतरी कमी. कॅनडात जन्मलेल्या चॅफी बंधूंनी 1887 मध्ये इथं नदीचं पाणी उचलून बागायत वसवली. आपण जिला थॉम्पसन म्हणतो तीच जात इथं सुलताना. आमच्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलमध्ये बुडवून जाळीच्या थरांवर सावलीत वाळवतात, ती रीतही ऑस्ट्रेलियाचीच. पहिल्यांदा इथं पत्र्याच्या छपराखाली तारेच्या जाळ्यांवर पसरलेला बेदाणा बघितला तेव्हा क्षणभर मी तासगावच्या रस्त्यावर आहे असं वाटलं होतं. बेदाण्याची रीत आपण घेतली. मिठाचा हिशेब मात्र घ्यायचा राहून गेला.

तो हिशेब इथल्या लोकांनीही सुखासुखी शिकलेला नाही. भरपूर पाणी दिलं, भूजल वर आलं, बागांच्या तळाशी पाणी साचलं, मीठ फुटलं. आपल्याकडे उगार-शेडबाळच्या उसात जे दिसतं तेच. मग जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या. त्या नळ्यांचं खारं पाणी पुन्हा नदीत सोडलं तर खालच्यांचं वाटोळं, म्हणून ते लांबच्या खोलगट जागांत नेऊन उन्हात आटवायला लागले. अशी एक जागा गावाजवळच आहे, लेक रॅनफर्ली. संध्याकाळी तिथं उभं राहिलं की काठावर पांढरा पट्टा आणि पाण्यात वाळून उभी असलेली निलगिरीची झाडं दिसतात. दृश्य चांगलं नाही. पण मीठ कुठं गेलं ते तिथं बोट ठेवून दाखवता येतं. आज नदीकाठच्या पंपांनी खारं भूजल नदीत उतरायच्या आधीच उचलतात आणि वर्षाला जवळपास 5 लाख टन मीठ असं अडवलं जातं.

सीमाभागातली मुलगी म्हणून मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मरे नदी हीच दोन राज्यांची हद्द आहे. अलीकडे व्हिक्टोरिया, पलीकडे न्यू साउथ वेल्स, आणि नदी पुढं साउथ ऑस्ट्रेलियात जाते. पाण्यावरून ही राज्यं शंभर वर्षांहून जास्त काळ भांडताहेत, आजही भांडतात. तरीही 1988 मध्ये त्यांनी मिठापुरतं एक खातं उघडलं. कुठल्या राज्याच्या कुठल्या कामानं नदीत मीठ वाढलं ते त्याच्या नावे, कुठल्या कामानं घटलं ते त्याच्या जमेला. मोजायची जागा खाली, साउथ ऑस्ट्रेलियातल्या मॉर्गन गावात. तिथं शंभरातले पंच्याण्णव दिवस खारटपणा 800 च्या खाली राहावा असं ठरलं. हे माप माझ्या मीटरच्या हजारपट बारीक, म्हणजे तिथल्या हिशेबानं माझ्या भावाचं 2.1 चं बोअर 2,100 भरतं.

आता आपल्याकडे बघा. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली जाताहेत. काम चांगलंच आहे, तिथल्या शेतकऱ्यांचं मला कौतुक आहे. पण त्या पाइपांचं पाणी ओढ्यांनी शेवटी कृष्णेत उतरतं, आणि कृष्णा तिथून कागवाड-अथणीत येते. अग्रणीसुद्धा सांगली जिल्ह्यातून वाहत आमच्याकडे येऊन कृष्णेला मिळते. 2022 च्या शेवटी जतच्या चाळीस गावांवरून दोन्ही राज्यांत केवढं रान पेटलं होतं! पाणी कुणी द्यायचं, गाव कुणाचं, पाटी कुठल्या भाषेत, यावर रोज बातम्या. माझी मराठी मला जिवापाड प्यारी आहे आणि सीमाप्रश्न माझ्या आजोबांच्या पिढीपासून आमच्या घरात आहे, त्यामुळे तो वाद फिजूल आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण दोन्ही बाजूंच्या एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी हद्दीवरच्या नाल्यांच्या ईसीचा आकडा ऐकलेला नाही. मराठी शेतकऱ्याच्या रानातलं मीठ आणि कानडी शेतकऱ्याच्या रानातलं मीठ एकाच ओढ्यानं जातं. खटला कोर्टात चालू राहू दे, तोवर दोन्हीकडच्या कृषी खात्यांना नाल्यावर एक मीटर बसवायला कुणाची हरकत आहे?

इथलं सगळं उचलून तिकडं न्यावं असंही माझं म्हणणं नाही. लेक रॅनफर्लीएवढी जागा दीड-दोन एकरवाला शेतकरी कुठून आणणार? इथं सरकारनं दशकानुदशकं पैसा ओतला. शिवाय इथं पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून विकता येतो. 1997 पासून पुढची बारा-तेरा वर्षं मोठा दुष्काळ पडला, त्यात कित्येक छोट्या बागायतदारांनी हक्क विकला आणि बागा तशाच वाळत सोडल्या. तारांवर वेलींचे वाळके सांगाडे असलेले तुकडे मी आल्यावरही बघितले. ती व्यवस्था आमच्या गावाला कधी लागू नये.

मग त्या अंगणातल्या तिघांना मी काय सांगितलं? तात्यांना सांगितलं की खाऱ्या पाण्यावर फळझाड जगतं, पण कुठलं झाड आणि खाली कुठली जमीन यावर ते ठरतं. अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात मुळाजवळच्या मातीचा खारटपणा (माझ्या मीटरच्याच मापात) 1.5 च्या वर गेला की द्राक्षाचं उत्पन्न घटू लागतं, खजुराला तोच आकडा 4. डाळिंब, अंजीर मधली. बोर त्याहून चिवट. लिंबू, आंबा या पाण्यावर लावूच नये. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं बोर, आवळा, बेल, करवंद यांचे प्रयोग खाऱ्या पाण्यावर केलेत, आणि आपल्याच राज्यात गंगावतीला याच विषयाचं केंद्र आहे. तिथं आमच्या पंचक्रोशीतलं कुणी गेल्याचं ऐकलं नाही.

भावाची बाग बेंगलोर डॉगरिजच्या खुंटावर आहे, म्हणजे मुळं डॉगरिजची आणि वर कलम द्राक्षाचं. त्याचा समज होता की खुंट मीठ खातो. खुंट मीठ खात नाही, वर पानात जायला अडवतो. अडवलेलं मीठ मुळाशीच राहतं आणि साचत जातं. ड्रिपचंही तसंच. पाणी मोजून दिल्यानं पाणी वाचतं, पण मुळाखाली उतरून मीठ धुवायला काही उरत नाही. ते ओल्या गोलाच्या काठावर जमतं, तीच ती पांढरी साय. मृगाचा हलका शिडकावा पडला की आपण हौसेनं मोटार बंद करतो. त्या शिडकाव्यानं काठावरचं मीठ विरघळून सरळ मुळांत येतं आणि झाड आठवड्यात मलूल होतं. मिल्ड्युरात असा पाऊस आला की ड्रिप मुद्दाम चालू ठेवतात, म्हणजे मीठ बाहेरच ढकललेलं राहतं. हे ऐकून भावानं कपाळाला हात लावला. मागच्या जूनमध्ये नेमकं हेच झालं होतं. बरं, याला खर्चही काही नाही.

मुरमाड तुकड्यात जोराचा पाऊस मीठ खाली घेऊन जातो. तिथं द्राक्ष ठेवावी. ओढ्याकडेच्या काळ्या रानात पाणी मुरतच नाही, तिथं नुसतं जास्त पाणी देऊन उलट चिखल होणार. त्या मातीत सोडियम जास्त निघाला तर जिप्सम लागेल, आणि जिप्समनं सुटलेला सोडियम वाहून जायला चर लागेलच. आधी माती तपासा, मग पोती आणा.

उपसा योजनेबद्दल मी जे बोलले ते भावाला आवडलं नाही. कृष्णेचं पाणी गोडं आहे, ते यावंच, आमच्या आईनं घागरी वाहिल्यात. पण ते काळ्या रानात मनमुराद फिरलं तर दहा-पंधरा वर्षांत भूजल वर येईल, आणि आज खाली दबून असलेलं मीठ वर फुटेल. कालव्याच्या नकाशाबरोबर चरांचा नकाशा मागितला पाहिजे. ग्रामसभेत पाण्याची तारीख सगळेच विचारतात, नाल्याची वाट कुणी विचारत नाही. भाऊ म्हणाला, "आधी पाणी तरी येऊ दे की गं आक्का, तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय." त्याचं म्हणणं मला लागलं. लांबून बोलणं सोपं असतं हे खरंच आहे. पण ज्यांच्याकडे पाणी आधी आलं त्यांच्यात मी राहते, आणि नंतर चर खणायला त्यांना काय मोजावं लागलं ते मी रोज बघते.

निघायच्या आदल्या दिवशी भूजल किती वर येतंय ते बघायला आम्ही दोघांनी दोन इंची पीव्हीसी पाइपाला खालच्या टोकाला भोकं पाडली आणि ती काळ्या रानात बारा फूट खोल पुरली. दोरीला लोखंडी नट बांधून आत सोडला की पाण्याला लागल्याचा आवाज येतो, मग दोरी मोजायची. ओढ्याकडेला भावानं बोराची चाळीस कलमं लावली, द्राक्षाच्या तीन ओळी काढून. तात्या स्वतः कुदळ घेऊन आले होते.

दर रविवारी फोन होतो. आईची तब्येत, बेदाण्याचा भाव आणि मग दोरी. जुलैत नळीत पाणी अकरा फुटांवर होतं. परतीच्या पावसानंतर मागच्या रविवारी नऊवर आलंय. मीटर मी त्याच्याकडेच ठेवून आले. नळीतल्या पाण्याचा ईसी 3.4 निघाला, आणि तो आकडा त्यानं गोठ्याच्या दारावर खडूनं तारीख घालून लिहून ठेवलाय.